फॅसिलिटेटर लावून केलेलं स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग: आमच्या व्हॉलंटियर ग्रुपचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचलं तरी चालेल. पाचपैकी साडेतीन. वर्कशॉपच्या आधीचं काम उत्तम, खोलीतलं काम बऱ्यापैकी चांगलं, ॲक्सेसिबिलिटीत (म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांनाही भाग घेता येण्यात) पहिल्या सकाळी साफ नापास, आणि शेवटी हातात आलेला रिपोर्ट... त्याबद्दल खाली बोलूच.

आम्ही कोण ते थोडक्यात सांगते, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारा आमचा ग्रुप आहे. पगारी कोणीच नाही. कोणी वाचतं, कोणी ऐकून चुका काढतं, कोणी एडिटिंग करतं आणि एक जण सर्व्हर बघतो. सुरुवातीला सगळं मजेत चाललं, मग पुस्तकं वाढली, माणसं वाढली, आणि मग तेच तेच वाद, की कथा-कादंबऱ्या घ्यायच्या का पाठ्यपुस्तकं, मागे पंख्याचा आवाज येतोय ते रेकॉर्डिंग चालवून घ्यायचं का परत करायला सांगायचं, नवीन माणसं घ्यायची का आधी आहेत त्यांचं साचलेलं काम उरकायचं. प्रत्येक मीटिंगमध्ये हे निघायचं आणि प्रत्येक मीटिंग "बघू पुढच्या वेळी" वर संपायची. शेवटी कोणीतरी म्हणालं की हे आपल्याच्याने मिटणार नाही, बाहेरचं कोणीतरी आणा. म्हणून ही सर्व्हिस घेतली, यात फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवून ग्रुपला निर्णयापर्यंत नेणारा बाहेरचा माणूस, येतो. नाव मुद्दाम देत नाहीये. या प्रकारची सर्व्हिस देणारे बरेच आहेत आणि पॅकेज साधारण सारखंच असतं: आधी सगळ्यांशी बोलणं, मग दोन दिवसांचं वर्कशॉप, मग लेखी रिपोर्ट आणि तीन महिन्यांनी एक फॉलोअप कॉल. त्यातलं कशाला किती मोल द्यायचं एवढंच मला सांगायचंय.

सगळ्यात जास्त मोल त्या आधीच्या बोलण्याला, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. फॅसिलिटेटर बाईंनी एकेकाला वेगळं गाठून फोन केले आणि सुरुवातीलाच सांगितलं की तुम्ही जे बोलाल ते मी मांडेन पण कोण बोललं ते सांगणार नाही. या एका वाक्याने लोक किती मोकळे होतात हे बघण्यासारखं आहे. प्रश्न अगदी साधे होते. तुम्ही उद्या ग्रुप सोडलात तर कोणतं काम अडून बसेल? गेल्या वर्षात ग्रुपने असा कोणता निर्णय घेतला ज्यामुळे कशाला तरी "नाही" म्हणावं लागलं? दुसऱ्या प्रश्नाला म्हणे जवळजवळ सगळे गप्प बसले, आणि तिथेच आमचं दुखणं काय ते त्यांना कळलं. आम्ही सगळ्याला "हो" म्हणत आलो होतो, ते सगळं एडिटिंग करणाऱ्या दोन माणसांच्या डोक्यावर जाऊन बसत होतं, आणि ती दोन माणसं स्वभावाने इतकी मऊ की मीटिंगमध्ये तोंडातून शब्द काढत नव्हती.

दुसरी गोष्ट त्यांनी लावून धरली ती म्हणजे खोलीत कोण हवं. आम्ही आपले कोअर ग्रुपच्या लोकांची यादी पाठवली होती. त्यांनी विचारलं, ऐकणारे कुठे आहेत? आम्ही म्हटलं त्यांचा सर्व्हे घेतलाय की. तेव्हा त्यांनी शेरी आर्नस्टीनची ती शिडी सांगितली, १९६९ सालची. लोकसहभागाच्या आठ पायऱ्या आहेत त्यात. खालच्या पायऱ्यांवर नुसतं दाखवायला बोलावलेलं असतं, मधल्या पायऱ्यांवर मत विचारतात पण ते मानायचं बंधन कोणावर नसतं, आणि निर्णयात खरा वाटा मिळतो तो वरच्या पायऱ्यांवर. सर्व्हे मधल्या पायरीवर येतो. तुम्हाला कुठली पायरी हवी ते आधी ठरवा आणि ऐकणाऱ्यांना तसं स्पष्ट सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या श्रोत्यांपैकी एका ताईंना विचारलं तर त्या फटकन म्हणाल्या, "निर्णयात घेणार असाल तर येते, नाहीतर फॉर्म पाठवा, भरून देते." मग त्या आल्या, अजून एक श्रोते आले, आणि दोघांनाही बाकीच्यांइतकाच मताचा हक्क दिला.

आता पहिल्या सकाळची गंमत. गंमत कसली, लाजच वाटली. बाईंच्या टीमने भिंतभर मोठे कागद लावले, रंगीत स्टिकी नोट्सचे गठ्ठे वाटले, हिरव्यावर ताकद लिहा, गुलाबीवर अडचणी लिहा, आणि समोर दोन माणसं बसलेली ज्यांच्यासाठी त्या भिंतीवर काहीच नव्हतं. जे ऑनलाइन जोडले गेले होते त्यांच्यासाठी डिजिटल व्हाइटबोर्ड, त्यातही आणखी एक श्रोता हजर होता, त्याचा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसतं "शेप, शेप, शेप" म्हणत बसला, कुठली चिठ्ठी कुठल्या गटात आहे याचा काही पत्ताच नाही. आम्ही कोणासाठी काम करतो हे या लोकांना आठवडे आधी माहीत होतं. कोण येणार त्याची यादी त्यांनीच मागून घेतली होती. तरी हे. अर्धा स्टार इथेच कापला.

पण पुढे जे झालं ते सांगायलाच हवं. ताई म्हणाल्या, चिठ्ठ्या राहू द्या, फक्त प्रत्येक चिठ्ठीला नंबर द्या, मोठ्याने वाचा आणि त्याच नंबराने एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाइप करत चला, फाइल सगळ्यांना पाठवा. बाईंनी एका शब्दानेही वाद न घालता तिथल्या तिथे पद्धत बदलली, असिस्टंट मुलगी टाइप करायला बसली. वेग चांगलाच कमी झाला. आणि वेग कमी झाला म्हणून काम सुधारलं! आपली चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली जाणार म्हटल्यावर लोक पूर्ण वाक्य लिहायला लागले. आधी "क्वालिटी", "कम्युनिकेशन", "टीमवर्क" असल्या एकशब्दी चिठ्ठ्या पडत होत्या ज्यांचा अर्थ प्रत्येकाने आपापला घ्यायचा, त्या बंद झाल्या. आमच्या एका वाचकाने (म्हणजे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्याने) "क्वालिटी" लिहिलं होतं, ताईंनी विचारलं म्हणजे काय, तर तो म्हणाला आवाज स्वच्छ हवा, मागे खडखड नको. त्यावर ताई म्हणाल्या, "मला खडखड चालते हो, मला पान नंबर सापडत नाही त्याचं काय?" खोली गप्प. इतके दिवस आम्ही माइकवरून भांडत होतो आणि ऐकणाऱ्याची तक्रार भलतीच होती. तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसत असलं तरी चिठ्ठ्या मोठ्याने वाचून घ्या असं मी म्हणेन.

आधी गप्प बसून लिहा, मग बोला, हा त्यांचा नियम पूर्ण दोन दिवस होता आणि तो त्यांनी कडक पाळला. आमच्यात दोन-तीन जण फार बोलणारे (मी धरून), त्यांना आधी जरा डाचलं. पण याच्यामागे बऱ्याच वर्षांचा अभ्यास आहे. "सगळ्यांनी मिळून धडाधड आयडिया फेकायच्या" ही ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत ॲलेक्स ऑसबॉर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने लोकप्रिय केली, आणि १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं की तेवढीच माणसं एकेकटी बसवून त्यांच्या आयडिया एकत्र केल्या तर जास्त निघतात. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोघांनी दाखवलं की त्यातलं मोठं कारण अगदी साधं आहे, एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता डोक्यातलं सुटून जातं. आधी शांतपणे लिहिणं, मग एकेकाने एक मुद्दा सांगणं, मग चर्चा, मग प्रत्येकाने गुपचूप क्रम लावणं, या सगळ्याला नॉमिनल ग्रुप टेक्निक म्हणतात, डेल्बेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ च्या सुमारास मांडलेली. बाईंनी हे नाव एकदाही घेतलं नाही, मला नंतर वाचताना कळलं की आपण केलं ते हेच. नाव न घेता काम करून घेणारा फॅसिलिटेटर चांगला, असं माझं मत झालंय.

चिठ्ठ्यांचे गट लावणं हा प्रकारही जमला. जपानचे मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी फिल्डवर्कच्या नोंदींचा ढीग नीट लावण्यासाठी काढलेली ही पद्धत, केजे मेथड म्हणतात तिला. यात आधी खाने पाडून चिठ्ठ्या आत कोंबायच्या नसतात, चिठ्ठ्या एकमेकींजवळ ठेवत जायच्या आणि गटाचं नाव शेवटी द्यायचं. बाईंची अट होती की नाव म्हणजे पूर्ण वाक्य हवं. "एडिटिंग" चालणार नाही. "रेकॉर्डिंग येतं त्यापेक्षा कमी वेगाने एडिटिंग होतं, म्हणून पुस्तकं अर्धवट पडून राहतात" हे चालेल. या वाक्यापर्यंत यायला आम्हाला बराच वेळ लागला, पण एकदा ते सगळ्यांनी मान्य केल्यावर नवीन वाचक घ्यायचे की नाही हा जुना वाद आपोआप विरला, कारण अजून रेकॉर्डिंग आणून करणार काय, आहे तेच पुढे सरकत नाही.

मग आलं स्वॉट. बलस्थानं, कमकुवत बाजू, संधी, धोके, चार चौकोन. मला हा भाग निव्वळ वेळकाढू वाटला. चौकोन भरायला मजा येते, भरून झाले की सगळ्यांना काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि नंतर त्या चौकोनांचं कोणी काही करत नाही. हिल आणि वेस्टब्रुक या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९९७ मध्ये कंपन्यांनी केलेले स्वॉट तपासले होते, त्यांनाही हेच दिसलं, लांबलचक याद्या, गुळगुळीत शब्द, आणि पुढच्या टप्प्यात त्या यादीचा वापर कोणीच केलेला नाही. हाइनत्स वाइरिश यांनी १९८२ मध्ये सुचवलेलं निदान बरं, की चौकोन भरून थांबू नका, एका चौकोनातली गोष्ट दुसऱ्याशी जोडा, म्हणजे ही ताकद वापरून तो धोका कसा टाळता येईल असं. आमच्याकडे ते केलंच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या पॅकेजमध्ये स्वॉट असावा असं बहुतेक क्लायंट मागतात. अहो पण आम्ही नव्हता मागितला!

व्हिजन स्टेटमेंटची तीच गत. "सर्वांसाठी ज्ञानाचं जग खुलं करणारा" का "ज्ञानाच्या जगाचं दार उघडणारा" यावर सुशिक्षित माणसं किती वेळ वाद घालू शकतात ते बघून घ्या. शेवटी जे वाक्य ठरलं ते आज मला पाठ नाही आणि ग्रुपमधल्या कोणालाही असेल असं वाटत नाही. तुमच्याकडे आधीचं काम धड चालू असेल तर हा भाग कापायला सांगा, बिनधास्त.

आता त्या दोन दिवसांतला माझ्या मते सगळ्यात भारी तास. प्रीमॉर्टेम. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये लिहून प्रसिद्ध केलेली पद्धत आहे. काय अडचणी येऊ शकतात असं विचारलं की लोक सभ्यपणे दोन-चार गोष्टी सांगतात. इथे विचारायचं असं: समजा आजपासून दीड वर्ष झालंय, हा प्रकल्प पार बुडालाय, बुडालाय हे नक्की, आता कशामुळे बुडाला ते प्रत्येकाने गुपचूप लिहा. वाक्यातला काळ बदलला आणि माणसांची तोंडं उघडली. जी गोष्ट शंका म्हणून बोलायला संकोच वाटतो ती झालेल्या गोष्टीचं कारण म्हणून लिहायला काही वाटत नाही.

आणि काय काय निघालं. एका चिठ्ठीत होतं, "एडिटिंग करणाऱ्याने नोकरी बदलली आणि कोणाला सांगितलंच नाही." (कोणी लिहिलं ते विचारलं नाही, सगळ्यांना कळलं.) एकात होतं की मूळ रेकॉर्डिंग्ज एकाच माणसाच्या घरच्या एकाच हार्ड डिस्कवर आहेत आणि ती गेली. हे खरं होतं! आमच्यातल्या निम्म्यांना हे माहीतच नव्हतं. सर्व्हर बघणारा शांतपणे म्हणाला, "मी सांगितलं होतं दोनदा, मिनिट्समध्ये असेल." आणि एक चिठ्ठी कॉपीराइटची, की प्रकाशकाने नोटीस पाठवली. त्यावर मग नीट चर्चा झाली, कारण अर्ध्या लोकांचा समज होता की दृष्टिहीनांसाठी केलं की सगळं माफ. २०१३ चा माराकेश करार आहे तो दृष्टिहीनांना आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा प्रती करायला मोकळीक देतो, २०१६ पासून तो लागूही झालाय, पण ती मोकळीक त्या वाचकांपुरतीच आहे. फाइल कोणालाही डाउनलोड करता येईल अशी उघड्यावर ठेवली तर त्या कराराची ढाल आपल्याला मिळत नाही. आमची निम्मी लायब्ररी अशीच उघडी होती. एवढ्या एका चिठ्ठीने लॉगिन लावण्याचं काम यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि ते स्वॉटच्या "धोके" चौकोनात कोणाला सुचलं नव्हतं हे लक्षात घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे वैतागले. खरंच वैतागले, आवाज चढले, एक जण फोन आल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन बसला. बाई मात्र निवांत. त्या म्हणाल्या हे होणारच, खूप पर्याय समोर पडलेत आणि आता निवडायचंय, या मधल्या दलदलीतून प्रत्येक ग्रुप जातो. याला सॅम केनर या फॅसिलिटेटरने "ग्रोन झोन" असं नाव दिलेलं आहे, म्हणजे सगळे कण्हत असतात तो पट्टा. इथे कच्चा फॅसिलिटेटर घाबरतो आणि "सगळ्यांचंच थोडं थोडं घेऊ" असं करून टाकतो. यांनी तसं होऊ दिलं नाही, माझ्या हिशोबात यांची फी इथे वसूल झाली.

निवड काय होती? पाठ्यपुस्तकं का कथा-कादंबऱ्या. हा वाद आम्ही तत्त्वाचा समजत होतो, साहित्य श्रेष्ठ का शिक्षण असलं काहीतरी. बाईंनी तो कामाच्या तासांवर आणला. कादंबरी सलग ऐकतात, साधी एमपीथ्री फाइल चालून जाते. पाठ्यपुस्तकाला मथळे लागतात, पान नंबर लागतात, वर्गात "पान अमुक काढा" म्हटलं की त्या मुलाला तिथे उडी मारता आली पाहिजे, म्हणजे डेझीसारखा बोलक्या पुस्तकांचा फॉरमॅट हवा, आकृत्यांचं वर्णन कोणीतरी लिहायला हवं, आणि हे सगळं परीक्षेच्या आधी, परीक्षा झाल्यावर त्या फाइलला कोण विचारतो. (ताईंची पहिल्या सकाळची पान नंबरची तक्रार आठवली का.) मग त्यांनी विचारलं एका पाठ्यपुस्तकाला किती वेळ लागेल, आम्ही उत्साहाने आकडा सांगितला. त्या म्हणाल्या अंदाज नको, जुन्या पुस्तकांच्या तारखा काढा, रेकॉर्डिंग कधी आलं आणि फाइल कधी चढली. काढल्या. सांगितलेल्याच्या दुपटीहून जास्त. कानमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय की माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज नेहमी गोड करतो, त्यावर उपाय म्हणजे तसल्याच जुन्या कामांना खरा किती वेळ लागला ते बघणं. खऱ्या आकड्यांनी हिशोब केल्यावर दोन्ही करणं शक्यच नाही हे भिंतीवर, म्हणजे फाइलमध्ये, सगळ्यांना दिसलं आणि ऐकू आलं.

मतदानाला नेहमीचे रंगीत ठिपके (आवडलेल्या चिठ्ठीवर ठिपका चिकटवायचा) बाद केले. ठिपक्यांचं एरवीही काही खरं नसतं, शेवटी ठिपका लावणारा आधीचे बघून लावतो, आणि एकसारख्या दोन चिठ्ठ्या असल्या की मतं फुटून तिसरीच वर जाते. प्रत्येकाने असिस्टंटच्या फोनवर नंबर पाठवले. पाठ्यपुस्तकं वर आली, पण बाई तिथे थांबल्या नाहीत, त्यांनी फिरून प्रत्येकाला विचारलं की हे केलं तर ग्रुपचं नुकसान होईल असा कोणाचा ठोस आक्षेप आहे का? आवडतंय का असं विचारलंच नाही. ही सोशिओक्रसीतली, म्हणजे बहुमताऐवजी संमतीने कारभार चालवण्यातली पद्धत, नेदरलँड्सचे हेरार्ड एंडेनबुर्ख यांनी बसवलेली. आमच्यातले एक काका, कादंबऱ्या फार सुंदर वाचतात, ते म्हणाले, "मला आवडलेलं नाही, पण आक्षेप नाही. फक्त माझं चालू असलेलं पुस्तक पूर्ण करू द्या." द्या म्हटलं सगळ्यांनी. बहुमताने हरवलं असतं तर काका गेले असते, हे मी लिहून देते.

शेवटच्या सत्रात तीन याद्या झाल्या: करायचं, थांबवायचं, नंतर बघायचं. थांबवायच्या यादीला बाईंनी करायच्या यादीपेक्षा जास्त वेळ दिला. नवीन कादंबऱ्या घेणं बंद, नवीन वाचकांची ऑडिशन काही काळ बंद, सोशल मीडियावरच्या रोजच्या पोस्ट बंद. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख, "टीम" असं लिहिलं की खोडायच्या. ज्याचं नाव तो खोलीत नसेल तर ते काम यादीत घ्यायचं नाही, हा नियम मला फार आवडला.

मग घरी आलो आणि रिपोर्टची वाट बघत बसलो. कबूल केलेल्या तारखेच्या कितीतरी नंतर आला, तोवर अर्धा जोश ओसरलेला. आणि आला तो कसा, चकचकीत, आमच्याच हसऱ्या फोटोंनी भरलेला, आतमध्ये "क्षमता बळकट करणे", "भागधारकांशी संवाद वृद्धिंगत करणे". आमची ती कष्टाने घडवलेली वाक्यं गेली कुठे? कोणाचं नाव, कुठली तारीख, हे पार मागे परिशिष्टात बारीक अक्षरात. आणि कहर म्हणजे पीडीएफ चित्रांची, स्क्रीन रीडरला एक अक्षर वाचता येईना. पहिल्या सकाळी जे झालं त्याच्यानंतर! तक्रार केल्यावर टेक्स्ट असलेली फाइल पाठवली, पण तोवर असिस्टंटने टाइप केलेली ती नंबरवाली फाइल आम्ही आधीच वापरायला घेतली होती. आजही आमचा प्लॅन म्हणजे तीच साधी फाइल आहे. त्यामुळे ही सर्व्हिस घेणाऱ्यांनी रिपोर्टचे पैसे वेगळे असतील तर ते वाचवा, आणि त्याच दिवशी निघताना कच्च्या नोंदी हातात मागून घ्या.

कोणी घ्यावी? ज्यांच्या ग्रुपमध्ये जुने वाद आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात आणि म्हणूनच स्पष्ट बोलत नाहीत, त्यांनी जरूर घ्यावी, कारण बाहेरच्या माणसाला "अजून ठरलं नाही, बसा" म्हणता येतं, आपल्याला नाही म्हणता येत. चार-पाच जणांचा नवा ग्रुप असेल तर गरज नाही. शांतपणे लिहा, मोठ्याने वाचा, प्रीमॉर्टेम करा, जुन्या तारखांवरून तास मोजा, एका दिवसात घरच्या घरी होतं. आणि जिथे खरा निर्णय घेणारा माणूस वर्कशॉपला येणार नाही, नंतर "बघून कळवतो" म्हणणार आहे, तिथे तर मुळीच पैसे घालू नका, त्याला नुसता फोन करा.

फार मोठ्या समुदायाचं गणित वेगळं. विकिपीडियावाल्या विकिमीडियाने २००९-१० मध्ये उघड ऑनलाइन पद्धतीने पाच वर्षांचा प्लॅन केला त्यात हजाराहून जास्त लोक होते आणि वर्षभर चाललं ते. २०१७ मध्ये परत २०३० पर्यंतच्या दिशेसाठी बसले, तर दहा शिफारशी बाहेर पडायला २०२० उजाडलं. त्या मापाचं काम दोन दिवसांच्या पॅकेजमध्ये करून देतो असं कोणी म्हणत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

बुक करायच्या आधी काय विचाराल: आधी एकेकाशी बोलणार का, किती जणांशी? अजेंडा आमच्यासाठी बदलणार का, स्वॉट आणि व्हिजन काढायला तयार आहात का? ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा लिहिता येत नाही असं कोणी असेल तर पद्धत काय बदलाल, आत्ता सांगा, त्या दिवशी नको. नोंदी कोणत्या फॉरमॅटमध्ये आणि कधी मिळणार?

फॉलोअप कॉल झाला, ठीक होता, बाईंनी यादीतलं एकेक नाव घेऊन काय झालं ते विचारलं, एवढंच. डिस्कची दुसरी प्रत झाली, लॉगिन लागलं, पहिली दोन पाठ्यपुस्तकं पान नंबरांसकट चढली, तिसरं रखडलंय कारण आकृत्यांचं वर्णन लिहिणारं कोणी मिळत नाहीये. पुढच्या फॉलोअपचं पॅकेज त्यांनी सुचवलं होतं, ते घेतलेलं नाही. नावं घेऊन विचारायचं काम आता ताई करतात, आणि त्या बाईंपेक्षा कडक आहेत.